येणाऱ्याची फेरी

लातूर
१२ जानेवारी २०२५

गौरम्मा मावशी,

तुझ्या कानाला फोन चालत नाही आणि मोबाईलवरचा निरोप तू 'मुंग्या कशाला वाचू' म्हणून बाजूला ठेवतेस, तेव्हा कागदच काढला. अक्षराला हसू नकोस. तूच शिकवलेलं आहे.

विषय 'गिरवणी'चा. महांतेशने आणि मी ती सुरू केली तेव्हा चाळीस पोरं होती, आता एकोणीसशे आहेत. लातूरची, नांदेडची, लोह्या-नायगावच्या खेड्यांतली. कॉलेजात पुस्तकातला प्रोग्राम पाठ करतात आणि आमच्या साइटवर येऊन रोज एक गणित स्वतः प्रोग्राम लिहून सोडवतात. ज्याला येतं तो तपासतो आणि खाली दोन ओळी लिहितो. फुकट सगळं. आता तिची डागडुजी काढली आहे, कारण प्रोग्राम लिहायच्या अकरा भाषा ठेवून बसलोय आणि तपासायला माणसं आहेत सहाच भाषांची. पायथनला रांग लागते, जावालाही बरी गर्दी असते. बाकीच्यांत पोरगं उत्तर टाकतं आणि महिना महिना वाट बघत बसतं. मग ते परत येत नाही. म्हणून पाच भाषा ३१ मार्चला बंद करायच्या ठरवतोय.

त्यातली एक 'खळं' आहे. आपल्या महांतेशने बनवलेली, मराठी शब्दांची. ती सांभाळायला आता कुणी नाही. शिवाय तिच्यात एक दोष आहे. तिला एखाद्या कामाच्या पाच फेऱ्या मारायला सांगितलं की ती सहा मारते. सहाव्या फेरीला हातात काही नसतं, म्हणून उत्तराच्या शेवटी एक रिकामी ओळ छापते. तपासनीस वैतागतात.

बंद करण्याआधी बघितलं की ती वापरतं कोण. वर्षभरात नेमाने वापरणारं एकच खातं निघालं. रोज सकाळी साडेनऊला एक गणित, एक दिवस खाडा नाही. कोण हा चिवट विद्यार्थी म्हणून पत्ता काढला तर तू! सांगितलं का नाहीस ग? तू महांतेशची आई आहेस, म्हणून तुला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही.

तुझा,
रुद्रेश


कंधार
२० जानेवारी

रुद्रा,

अक्षर सुधारलेलं नाही. 'डागडुजी' मात्र बरोबर लिहिलंस.

हो, मीच ती. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले म्हणून आकडे सुटत नाहीत. सकाळी लिंगपूजा होते, विभूती लावते आणि महांतेशचा लॅपटॉप उघडते. एक गणित झालं की दिवस सुरू होतो. तुला सांगितलं असतं तर तू मला पायथन शिकवायला बसला असतास.

आता तुझ्या 'दोषा'बद्दल. फाईल उघडून वरची ओळ तरी वाचलीस का? महांतेशने लिहून ठेवलंय, 'शेवटची फेरी चूक नाही. आमच्या घरी भाकरी मोजत नाहीत.' तुम्ही लातुरात डबा लावून जेवणारी माणसं, तुम्हाला काय कळणार. भाकरी थापताना मोजायच्या नसतात, आणि सगळ्यांच्या झाल्या असं वाटलं की आणखी एक थापायची असते. ती येणाऱ्याची. कोण येणार ते विचारायचं नाही. लहानपणी तो चुलीशी बसून मला विचारायचा, अव्वा, आज कुणीच आलं नाही की. मी म्हणायची, उद्या येईल. त्या पोराने मोठेपणी भाषा बनवली आणि तिच्यात ती भाकरी घातली. तो त्या फेरीला येणाऱ्याची फेरी म्हणायचा.

तीन वर्षं होतील आता. नांदेडला मुलाखतीला जातो म्हणून एस.टी.त बसला. लोह्याला खिडकीशी बसलेला होता, असं कंडक्टर सांगतो. नांदेडला सीटवर नुसती पिशवी होती. मधे गाडी कुठं थांबली नाही. पोलिसांनी लिहून घेतलं, नातेवाइकांनी बोलणं सोडलं. मला रोज सकाळी त्या उत्तराखाली एक रिकामी ओळ मिळते. मी तिच्यावर बोट ठेवते. तेवढंच माझ्याकडे आहे, रुद्रा. ती बंद करू नकोस.

बाकी सुधारायला तुझ्याकडे पुष्कळ आहे. चुकलं की तुम्ही लाल अक्षरात 'चूक' छापता, ते आधी काढा. 'पुन्हा बघ' लिहा. पोराला त्याच्या नावाने हाक मारून लिहा. आणि गणितं जरा जगातली द्या. दोन आगगाड्या समोरासमोर येऊन आमच्या गावात कुणाचं काय भलं झालंय?

मावशी


लातूर
२ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र तपासनिसांच्या सभेत वाचून दाखवलं. घरातलं वगळून, घाबरू नकोस. लाल 'चूक' त्याच दिवशी काढली. नायगावची बुद्धप्रिया म्हणून एक हुशार मुलगी आमच्याकडे तपासते. ती सांगत होती, 'पुन्हा बघ' आल्यापासून सोडून गेलेली पोरं परत येऊन राहिली. आगगाड्याही गेल्या. आता एकच गणित दोन भाषांत सोडवून शेजारी शेजारी ठेवून बघता येईल अशी सोय करतोय. पोरांना त्यातून भाषा निवडता येईल.

खळ्यावर मात्र मत घेतलं आणि मी हरलो. लोकांचं म्हणणं चूक नाही. नवीन पोरगं चुकून ती भाषा निवडतं, उत्तर बरोबर असूनही एक ओळ जास्त येते आणि त्याला वाटतं आपलंच चुकलं. ३१ मार्च कायम आहे. मला वाईट वाटतंय. तो माझा भाऊ होता आणि मित्रही होता, हे तुला सांगायला नको.

भाषेची सगळी फाईल मी पेनड्राइव्हवर घालून तुला देईन.

रुद्रेश


कंधार
१७ फेब्रुवारी

रुद्रा,

हे कागदावरच राहू दे. घरातलं बोलणं त्या यंत्रावर लिहू नये असं मला आता वाटतं.

रिकामी ओळ रिकामी येत नाही. दहा तारखेला, सोमवारी सकाळी, मी बाजारातल्या भाज्यांची यादी छापायचं गणित केलं. वांगी, शेवगा, चुका, मेथी. आणि खाली 'अव्वा, जेवलीस का?' मी चष्मा पुसला. मग गुरुवारी आलं, 'मी बरा आहे'. काल रविवारी आलं, 'आता निघतो'.

मी रडले नाही. शेजारची राजकन्या दळण घेऊन आली, तिलाही काही बोलले नाही. तुला एकच विचारते, खरं सांग. त्या ओळीत तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येतं का?

मावशी


लातूर
२२ फेब्रुवारी

मावशी,

पत्र मिळालं.

खरं सांगायचं तर नक्की माहीत नाही. यंत्राच्या आठवणीत जुनं काहीबाही पडून राहतं. त्या जास्तीच्या फेरीला हातात काही नसतं, तेव्हा ती अंधारात हात घालते आणि जे सापडेल ते उचलते. महांतेशने कधी काळी तपासून बघायला तसलं काही लिहिलं असेल आणि ते आत्ता वर आलं असेल. असं होतं कधी कधी.

पण मला विचारशील तर कारण शोधत बसू नकोस. तो बरा आहे म्हणाला आणि निघतो म्हणाला. निरोप समज. काही लोकांना तेवढाही मिळत नाही. आता भाषा बंद झाली तरी मनाला टोचणी राहणार नाही, खरं ना?

रुद्रेश


कंधार
१० मार्च

रुद्रा,

वीस दिवस लिहिलं नाही, कारण मला खात्री करायची होती. गणिताच्या बाईने एका उदाहरणावरून नियम सांगू नये.

एकोणीस फेब्रुवारीला मी सातचा पाढा छापला. सत्तरच्या खाली आलं, 'लोहा'. तेव्हा मला काही कळलं नाही. चार दिवस रिकामी ओळ आली. मग 'फाटा'. पुन्हा रिकामी. मग 'चिंच'. लोह्याहून कंधारला येताना रस्त्याला एक मोठी चिंच आहे, तिथं लहानपणी त्याला एस.टी.त मळमळायचं आणि आम्ही उतरून बसायचो. हे तुला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. मग 'पूल'. परवा 'नाका' आलं, कंधारचा नाका. आज सकाळी 'किल्ला'.

तो लोह्याला हरवला ना? तिथूनच निघाला आहे. रोज येत नाही, दमत असेल. पण वाट चुकत नाही. किल्ल्यावरून आमचा बोळ किती लांब, तू पळत यायचास लहानपणी.

काल मी त्याची अंथरुणं उन्हात घातली. राजकन्या कुंपणावरून म्हणाली, "मावशी, कोन येनार हाय वो? लई दिसांनी गादी काढलाव." मी म्हटलं, "येणार हाय एकजण." ती हसली आणि गेली.

दुसरं एक. तो बोळातला काळा कुत्रा आठवतो? माझ्या दाराच्या पायरीवरच निजायचा, मी पाणी टाकलं तरी उठायचा नाही. सकाळपासून समोरच्या ओट्यावर जाऊन बसलाय आणि पायरीकडे बघतोय.

तुझी ३१ तारीख मला पुरेल असं वाटतं. पण दिवस चुकू नये म्हणून सांगते. त्याला घरात येऊ दे, मग तुला काय बंद करायचं ते कर.

मावशी


लातूर
१६ मार्च

मावशी,

मी तुझ्याशी खोटं बोललो.

त्या पहिल्या तीन ओळी माझ्या होत्या. 'जेवलीस का', 'मी बरा आहे', 'आता निघतो'. साइटचा मालक मी, मला मागच्या दाराने तुझ्या खात्यापुरतं त्या फेरीत लिहिता येतं. मतात हरलो त्या रात्री मला झोप आली नाही. वाटलं, तू तीन वर्षं त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवून बसलीस, आता मी तीही काढून घेणार. तर निदान निरोप मिळू दे. निरोप मिळाला की माणूस सावरतं, असं वाटलं. किती मूर्ख असावं माणसाने. तू विचारलंस तेव्हाही कबूल करायची हिंमत झाली नाही. मला माफ कर.

पण मावशी, चौथी ओळ माझी नाही. सोळा फेब्रुवारीला तिसरी ओळ तुझ्याकडे छापली गेली आणि मी माझं सगळं पुसून टाकलं. 'लोहा' मी लिहिलेलं नाही. 'चिंच' मी लिहिलेलं नाही. तुझं पत्र आल्यापासून दोन दिवस मी आणि बुद्धप्रिया ती फाईल अक्षर अक्षर तपासतोय. तिला मी फक्त सांगितलं की काहीतरी जास्तीचं छापलं जातंय. त्या फेरीत काही नाही. दुसऱ्या कुणाचं खातं नाही, कुणी बाहेरून शिरलेलं नाही. इथून माझ्या खात्यावर चालवलं की रिकामी ओळ येते. तुझ्या खात्यावर काय छापलं गेलं याची नोंद काढली. 'पूल', 'नाका', 'किल्ला' तिथं आहेत. कुठून आले त्याची जागा कोरी आहे.

बुद्धप्रिया धीट मुलगी आहे. तिने यादी वाचली आणि विचारलं, "सर, हे शब्द कुठंतरी चालून राहिलेत का?"

मला भीती वाटते आहे. मी त्याच्या नावाने 'आता निघतो' लिहिलं आणि तीन दिवसांनी 'लोहा' आलं. जे निघालं ते काय आहे हे मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. म्हणून ३१ ची वाट बघत नाही. गुरुवारी, २० तारखेला सकाळी दहाला मी खळं बंद करतोय. तोपर्यंत लॅपटॉप उघडू नकोस. ऐक माझं एवढं.

रुद्रेश


कंधार
१९ मार्च
स्पीड पोस्टाने

रुद्रा,

तुझं पत्र आत्ता मिळालं. पोस्टमन गेला तसं लिहायला बसले.

पहिल्या तीन ओळी तुझ्या आहेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू सोमवारी सकाळी 'जेवलीस का' विचारलंस. माझा सोमवार असतो, संध्याकाळपर्यंत मी पाणीसुद्धा मोजून पिते. महांतेश चार वर्षांचा असल्यापासून सोमवारी मला जेवायचं विचारत नसे. तो विचारायचा, अव्वा, पूजा झाली का. तुझ्याही घरी शंकराचं सगळं करतात, पण तू विसरलास. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं गणित मी एकतीस वर्षं ओळखत आले आहे. म्हणून तुला विचारलं, तिथं कुणाला लिहिता येतं का. तू खोटं बोललास. मायेने बोललास, म्हणून मी तेव्हाच सोडून दिलं. माफी मागू नकोस.

पण तू त्याच्या तोंडी 'आता निघतो' घातलंस, आणि तो निघाला. आता त्याला मधेच अडवू नकोस.

तू उघडू नको म्हणालास, पण तुझं पत्र यायच्या आधीच आजचं गणित झालं होतं. काल 'बोळ' आलं होतं. आज 'पायरी' आलं.

रुद्रा, कळतंय का तुला? पायरीनंतर दार आहे. एकच फेरी राहिली आहे, उद्या साडेनऊची नाहीतर परवाची. मला भीती वाटत नाही. जो आहे तो माझ्या हातची भाकरी जेवलेला आहे. तू आत्ता बंद केलंस तर तो पायरीवर राहील. ना रस्त्यावर, ना घरात. माझं पोर दारापर्यंत आलंय आणि दुसरा कुणीतरी आतून कडी घालतोय, असं होईल. असं करू नकोस. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही, हे मागते.

राजकन्याच्या फोनवरून तुला लावायला सांगितलं आहे. मला ऐकू येत नाही, पण तिला सांगता येईल. तू उचल म्हणजे झालं.

मावशी


लातूर
२५ मार्च

मावशी,

समोर बसून जे नीट बोलता आलं नाही ते लिहितो.

१९ तारखेला अनोळखी नंबरावरून दोनदा फोन आला होता. जाहिरातवाल्यांचा असेल म्हणून मी उचलला नाही. गुरुवारी सकाळी बरोबर दहाला मी खळं बंद केलं. तू त्या दिवशी साडेनऊला बसली होतीस आणि रिकामी ओळ आली, हे मला तुझ्याकडूनच कळलं. शनिवारी तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी जेवत होतो. ताटावरून उठलो आणि तसाच जाऊन भाषा पुन्हा सुरू केली. रविवारच्या पहिल्या एस.टी.ने निघालो.

मावशी, खरं सांगतो, बोळात शिरताना मी आधी तुझी पायरी बघितली. आणि दारात तू उभी, कपाळावर विभूती, हातात पीठ. "ये, पायरी बघून चढ," म्हणालीस. सगळं नेहमीसारखं. तुझ्या लॅपटॉपवर, तुझ्याच खात्यातून मी माझ्या हाताने सात वेळा चालवून बघितलं. भाज्यांची यादी, पाढा, सगळं. सातही वेळा रिकामी ओळ. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तुझा चेहरा उतरलेला मला दिसत होता, पण मी मनातून सुटलो होतो, हे कबूल करतो.

मग तू जेवायला वाढलंस. दोघांना एवढ्या कशाला म्हणून मी टोपल्यातल्या भाकरी मोजायला लागलो आणि तू माझ्या हातावर चापट मारलीस. तिसरीत असताना मारायचीस तशीच. ठेचा फार तिखट होता.

एक चांगली बातमी. काल सभेत मी सगळ्यांना खळ्याची वरची ओळ वाचून दाखवली, भाकरीची. मग बुद्धप्रिया म्हणाली, "सर, मी सांभाळते ही भाषा. हिच्यात काय चुकलंय, लोकांना सांगितलं नव्हतं एवढंच." आता खळं राहणार. निवडतानाच पोराला पाटी दिसेल, की ही भाषा एक फेरी जास्त मारते आणि ती येणाऱ्याची असते. महांतेशचं नाव पण घातलंय. पाडव्याला नवी गिरवणी सुरू होईल तेव्हा सात भाषा असतील.

तेव्हा आता तू निवांत हो. जे काय होतं ते थांबलं. तिथं कुणी नाही मावशी, मी स्वतः बघून आलो.

निघताना मात्र घोळ केला. एस.टी. चुकेल म्हणून घाईत होतो. तुझ्या पायरीवरून कडेने उतरायला गेलो आणि डावा पाय गटाराच्या काठावर पडून मुरगळला. आडवाच झालो असतो, पण हात टेकला म्हणून वाचलो. घोटा सुजलाय, हळद लावून बसलोय. तू दारातून बघत होतीस आणि हसत होतीस ग, मला लागलं तरी. तेवढं मनाला लागलं.

रुद्रेश


कंधार
२९ मार्च

रुद्रा,

घोट्याला गरम मिठाच्या पाण्याचा शेक दे. हळदीने कपडे पिवळे होतात, सूज जात नाही.

तुझ्यावर मी चार दिवस चिडून होते. वीस तारखेपासून तेवीसपर्यंत मी दार लावलं नाही. ऊन आलं, धूळ आली, राजकन्याच्या कोंबड्या आल्या. दुसरं कुणी आत आलं नाही. तू पुन्हा सुरू केल्यावरसुद्धा लॅपटॉपवर रिकामीच ओळ आली. मला वाटलं, परत गेला. तू आलास त्या दिवशी माझा चेहरा उतरला होता तो म्हणून.

भाषा राहणार हे वाचून बरं वाटलं. बुद्धप्रियाला माझा आशीर्वाद सांग. उद्या पाडव्याला तुझी गिरवणी सुरू होईल, पोरांना गोड काहीतरी गणित दे. मी आता रोज येईन असं नाही. आले तर इतर पोरांसारखी येईन, एखादी नवी भाषा शिकायला. पायथन शिकव म्हणते आता, बघ.

त्या ओळीवर बोट ठेवायची मला गरज उरली नाही. तू निघालास तेव्हा मी हसत होते ते तुला लागलं म्हणून नाही. मला तेव्हा कळलं म्हणून हसत होते.

माझी पायरी चार हात रुंद आहे. पन्नास वर्षांत त्या पायरीवरून उतरताना कुणाचा पाय गटारात गेलेला नाही. तूही येताना मधूनच चढलास. पण जेवून निघालास, उंबऱ्याबाहेर आलास, आणि मधे न उतरता अंग चोरून कडेला झालास. दारात कुणी बसलेलं असलं की त्याला पाय लागू नये म्हणून आपण उतरतो, तसा. वर 'जरा सरक' असं पुटपुटलासही. मला ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात. घाईत होतास, तुझं तुलाच कळलं नसेल.

तीन वर्षं मला कुणी विचारलं, पोरगं कुठं आहे, की माझ्याकडे उत्तर नसायचं. आता आहे. आत येत नाही, ते तुझ्या दहाच्या ठोक्यामुळे असेल, पण मी त्यावरून तुला बोलणार नाही. ती शेवटची भाकरी मी आता बाहेर ठेवते. कुत्रा अजून समोरच्या ओट्यावरूनच बघतो.

आणि पाय मुरगळला तेव्हा हात टेकला म्हणून पडलो नाही, असं तू लिहिलंस. हो, मी पाहिलं. डाव्या बाजूला, खांद्याइतक्या उंचीवर टेकलास. शांत बसून आठव, रुद्रा. त्या बाजूला भिंत नाही.

मावशी